बीच बॉईजचा 'हॉलंड' (१९७३) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या रेकॉर्डींच्या गप्पा निघाल्या की बीच बॉईज या अमेरिकन बँडच्या 'हॉलंड' या अल्बमचं नाव बहुधा मीच काढतो, आणि मग तेच ते प्रश्न येतात. काही अगदी साधे, काही खोचक, काहींसाठी मलाच तबकडी पुन्हा लावून बघावी लागली. ते सगळे इथे एकत्र केले आहेत. एक उत्तर दुसऱ्यात घुसतंय असं दिसलं तिथे क्रमांक दिला आहे.

१. बीच बॉईज म्हणजे ते समुद्र, सर्फिंग आणि मोटारींच्या गाण्यांवालेच ना? त्यांचा 'हॉलंड' कुठून आला?

तेच. लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्नमध्ये १९६१ साली जमलेला हा घरचाच कारभार. ब्रायन, डेनिस आणि कार्ल हे तीन सख्खे विल्सन भाऊ, माईक लव्ह हा त्यांचा आतेभाऊ (इंग्रजी पुस्तकं नुसतं 'कझिन' म्हणून मोकळी होतात) आणि अल जार्डीन हा मित्र. पहिली काही वर्षं लाटा, मोटारी आणि मुली या तीन विषयांवर त्यांनी अमेरिका गाजवली. १९६६ मध्ये 'पेट साउंड्स' आला, १९६७ मध्ये 'स्माईल' नावाचा महत्त्वाकांक्षी अल्बम अर्धवट सोडून दिला गेला, आणि बहुतेकांच्या डोक्यात त्यांची गोष्ट तिथेच संपते.

गोष्ट संपली नव्हती. १९६८ ते १९७३ या काळात त्यांनी जे अल्बम काढले ते त्या वेळी फारसे कुणी ऐकले नाहीत. 'हॉलंड' हा त्या रांगेतला शेवटचा, जानेवारी १९७३ मध्ये रिप्रीज या रेकॉर्ड कंपनीने काढलेला.

२. याला 'उत्तरकाळातला' अल्बम का म्हणता? १९७३ मध्ये ही सगळी माणसं तिशीच्या आसपासच होती की!

बरोबर आहे. अल्बम आला तेव्हा माईक ३१ वर्षांचा, ब्रायन ३० चा आणि कार्ल तर अवघा २६ चा होता. पण त्या काळच्या पॉपमध्ये बारा वर्षं म्हणजे जवळजवळ एक जन्म. साठच्या दशकात पुढे आलेल्या बँडला १९७३ मध्ये लोक 'अजून आहेत का हे?' असं विचारत. त्यांचा हा एकोणिसावा स्टुडिओ अल्बम. शिवाय यानंतर तीन वर्षं नवा स्टुडिओ अल्बम आलाच नाही, आणि १९७६ मध्ये आला तेव्हा बँडचा रोख पुरता बदललेला होता (प्रश्न १५). त्यामुळे वयाने नाही, पण वळणाने हा उत्तरकाळच.

३. कॅलिफोर्नियावर इतकी गाणी करणारी मंडळी कॅलिफोर्निया सोडून गेली कशाला?

कल्पना त्यांचा व्यवस्थापक जॅक रायली याची. रायली आधी रेडिओवर होता. १९७० मध्ये ब्रायनच्या पौष्टिक पदार्थांच्या दुकानात दोघांची गाठ पडली (हो, ब्रायन विल्सन काही काळ दुकान चालवत होता) आणि थोड्याच दिवसांत रायली बँडचा सल्लागार, व्यवस्थापक आणि गीतकारही होऊन बसला. पट्ट्यापट्ट्यांचे सदरे उतरवा, देशात काय चाललंय त्यावर गा, हा त्याचा धोशा. १९७१ च्या 'सर्फ्स अप' या अल्बमने त्याचं म्हणणं थोडंफार खरंही ठरवलं.

युरोपात बँडला अमेरिकेपेक्षा जास्त मान मिळत होता. १९७२ च्या सुरुवातीला नेदरलँड्सची फेरी झाली, जागा आवडली. लॉस एंजेलिसमधल्या कटकटी आणि सवयी मागे टाकाव्यात, निदान ब्रायनला त्याच्या खोलीतून बाहेर काढावं, असाही एक हिशोब होता. तो हिशोब अर्धाच जमला (प्रश्न ६).

माझ्या मते या स्थलांतराचा खरा फायदा वेगळाच झाला. घरी असताना कॅलिफोर्निया त्यांच्या गाण्यांमागचा पडदा होता. डच पावसात, सपाट हिरव्या कुरणांच्या मधोमध बसल्यावर तोच पडदा विषय झाला. परगावी गेलेल्या माणसाला आपल्या गावची नदी जशी आठवते, तसा हा अल्बम आहे. नऊ गाण्यांत कुठे ना कुठे पाणी, प्रवास, निघून जाणं किंवा परतणं सापडतंच.

४. अख्खा स्टुडिओ अमेरिकेतून उचलून नेला ही दंतकथा आहे की खरं?

खरं आहे. नेदरलँड्समध्ये त्यांना हवं तसं १६ ट्रॅकवर (म्हणजे सोळा आवाज वेगवेगळे मुद्रित करून) काम करण्याची सोय मोकळी मिळेना. मग अभियंता स्टीव्हन मॉफिट याच्या देखरेखीखाली कॅलिफोर्नियात एक नवा कोरा, सुटा करता येईल असा ध्वनिमुद्रण संच बांधून घेतला. तो खोक्यांत भरून विमानांनी ॲम्स्टरडॅमला गेला आणि तिथून दक्षिणेला बामब्रुख नावाच्या छोट्या गावात. तिथल्या एका शेतावरच्या जुन्या इमारतीत सगळं पुन्हा जोडलं.

आता, घाईघाईत बांधलेली यंत्रणा एका देशात सुटी करून दुसऱ्या देशात जोडली तर काय होईल ते सांगायला नको. जोडणी चुकली, यंत्रं बिघडली, तारखा पुढे ढकलल्या गेल्या. माणसांची राहायची सोयही एका जागी होईना. बायकामुलं, मदतनीस असा मोठा लवाजमा आजूबाजूच्या गावांत विखुरला गेला, आणि रोज कुणाला तरी मोटारीने शेतावर यावं लागे. एकूण खर्च अडीच लाख डॉलरच्या घरात गेला असं नेहमी सांगितलं जातं. त्या रकमेत कॅलिफोर्नियात चार अल्बम झाले असते, असा टोमणा मारायचा मोह होतो, पण मग हा अल्बम झाला नसता.

५. मुखपृष्ठाच्या मागे दोन अनोळखी नावं दिसतात. हे ब्लाँडी चॅप्लिन आणि रिकी फटार कोण?

दोघेही दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचे. 'द फ्लेम्स' नावाच्या बँडमध्ये होते. कार्ल विल्सनने त्यांना लंडनमध्ये ऐकलं, अमेरिकेला आणलं आणि बीच बॉईजच्या स्वतःच्या ब्रदर रेकॉर्ड्सवर त्यांचा अल्बम स्वतः तयार केला. तो बँड मोडला तेव्हा १९७२ मध्ये दोघे थेट बीच बॉईजमध्येच दाखल झाले, साथीदार म्हणून नव्हे तर पूर्ण सदस्य म्हणून. डेनिसच्या हाताला १९७१ मध्ये काचेने मोठी जखम झाली होती, त्याला ड्रम वाजवता येत नव्हते. ती जागा रिकीने घेतली. बँडमधला आधीचा सदस्य ब्रूस जॉन्स्टन १९७२ मध्येच बाहेर पडला होता.

या गोष्टीकडे थोडं थांबून बघा. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा वर्णभेदाचा कायदा पूर्ण जोरात होता आणि हे दोघं तिथल्या सरकारच्या लेखी गोरे नव्हते. साठच्या दशकातल्या गोऱ्या, सोनेरी केसांच्या अमेरिकेची जाहिरात समजला जाणारा हा बँड, आणि त्याच्या या अल्बमचं पहिलंच वाक्य गातो तो डर्बनचा चॅप्लिन. त्या काळी जुन्या चाहत्यांतल्या काहींना हे पचलं नाही. मला विचाराल तर 'हॉलंड'मधला निम्मा ताजेपणा या दोघांमुळे आहे. रिकीचे ड्रम ऐका. डेनिस ढोल बडवल्यासारखा वाजवायचा, त्यातही मजा होती, पण रिकी जागा सोडून वाजवतो.

६. ब्रायन विल्सन यात आहे का? कुणी म्हणतं आहे, कुणी म्हणतं नाही.

आहे, पण घरातल्या आजारी वडीलधाऱ्यासारखा. आतल्या खोलीत असतो, सगळे त्याचा कानोसा घेतात, मधूनच बाहेर येऊन एखादं वाक्य बोलतो आणि ते वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहतं.

नेदरलँड्सला जायला निघून तो विमानतळावरून मागे फिरला होता, तेही एकदा नव्हे, असं सांगतात. बायको आणि मुली आधीच पोचल्या होत्या. शेवटी पोचला खरा, पण स्टुडिओत क्वचित. नऊ गाण्यांपैकी 'सेल ऑन, सेलर' आणि 'फंकी प्रिटी' या दोन गाण्यांच्या रचनेत त्याचा हात आहे, 'कॅलिफोर्निया' या गाण्याची पहिली ओळ तो गातो, आणि सोबतच्या परीकथेची कल्पना आणि संगीत त्याचं (प्रश्न ११). बस, एवढंच.

म्हणून 'ब्रायन नाही तर काय ऐकायचं' असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालतो. हा अल्बम ऐकायचा तो धाकट्यांसाठी. मोठा भाऊ खोलीत बसून असताना घर कुणी चालवलं? कार्लने. निर्मितीची धुरा, मुख्य आवाज, भांडणं मिटवणं, सगळं त्या २५-२६ वर्षांच्या पोराकडे होतं.

७. 'सेल ऑन, सेलर' नेमकं लिहिलं कुणी? प्रत्येक ठिकाणी वेगळी नावं दिसतात.

छापील श्रेय पाच जणांना आहे: ब्रायन विल्सन, व्हॅन डाईक पार्क्स, टँडिन आल्मर, रे केनेडी आणि जॅक रायली. एका साडेतीन मिनिटांच्या गाण्याला पाच बाप म्हटल्यावर वाद होणारच, आणि कोणती ओळ कुणाची यावर या मंडळींनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं आहे.

ज्यावर फारसं दुमत नाही ते असं. बँडने नेदरलँड्समधून अल्बम पूर्ण करून दिला, तेव्हा रिप्रीजने तो परत केला. यात एकही हिट होईल असं गाणं नाही, हे कारण. पार्क्स तेव्हा वॉर्नर-रिप्रीजमध्येच नोकरीला होता आणि 'स्माईल'च्या वेळचा ब्रायनचा गीतकार. त्याच्याकडे ब्रायनच्या घरी दोघांनी बसून केलेल्या गाण्याची एक टेप होती. ती कंपनीला ऐकवली गेली, आणि हे गाणं घालणार असाल तर अल्बम काढतो असं ठरलं. म्हणजे 'हॉलंड'चं सर्वांत गाजलेलं गाणं नेदरलँड्समध्ये ध्वनिमुद्रित झालेलंच नाही. ते १९७२ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये झालं.

गायचं कुणी हाही प्रश्न होता. आधी डेनिसने प्रयत्न केला, मग कार्लने. मग कार्लच म्हणाला, ब्लाँडीला गाऊ दे. या एका वाक्यासाठी कार्लला शंभर गुन्हे माफ. वादळात सापडलेल्या नावाड्याचं ते गाणं आहे. कार्लच्या रेशमी आवाजात ते सुंदर झालं असतं, पण चॅप्लिनच्या किंचित खरखरीत आवाजात माणूस खरोखर वल्हं मारून दमलेला वाटतो.

८. 'कॅलिफोर्निया सागा' हे एक गाणं आहे की तीन? मध्येच कविता का वाचतात?

तीन भाग, एक माळ, सगळं मिळून साधारण दहा मिनिटं. पहिला भाग 'बिग सर' माईक लव्हचा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या कड्याकपाऱ्यांच्या त्या प्रदेशाचं वर्णन. १९७० मध्ये हेच गाणं त्यांनी चार मात्रांच्या चालीत करून ठेवलं होतं. इथे ते तीन मात्रांत, डोलत डोलत येतं. (जुनं रूप २०२१ च्या 'फील फ्लोज' संचात ऐकायला मिळतं. मला तेही तितकंच आवडतं.)

दुसरा भाग 'द बीक्स ऑफ ईगल्स'. रॉबिन्सन जेफर्स हा त्याच किनाऱ्यावर राहून गेलेला कवी, त्याची कविता इथे म्हटली जाते आणि मधे मधे अल जार्डीनचं गाणं येतं. पहिल्यांदा ऐकताना बहुतेकांना हा भाग जड जातो. मलाही गेला. वाचनाचा सूर शाळेतल्या स्नेहसंमेलनासारखा आहे हे मान्य करून टाकू. पण गरुडाची एक म्हातारी मादी एकाच झाडावर घरटं करून राहते आणि तिच्या हयातीत खाली माणसांचं जग बदलत जातं, हा त्या कवितेचा विषय लक्षात आला की पुढच्या गाण्याला वजन येतं.

तिसरा भाग 'कॅलिफोर्निया', अलचा. इथे एकदम ऊन पडतं. सुरुवातीला ब्रायनचा आवाज आणि मग जुन्या बीच बॉईजची आठवण करून देणारी सगळ्यांची सुरावट. हाच भाग एकेरी तबकडी म्हणूनही निघाला. या मालिकेत ऐकू येणारी बासरी चार्ल्स लॉईड या जॅझ संगीतकाराची आहे.

९. 'द ट्रेडर' हे राजकीय गाणं आहे का?

आहे, आणि माझ्या मते अल्बमचा कळस आहे. संगीत कार्लचं, शब्द रायलीचे. पहिल्या अर्ध्यात एक खलाशी-व्यापारी नव्या भूमीवर उतरतो, आपल्या राजसत्तेला पत्र लिहून कळवतो की जागा छान आहे, इथल्या लोकांना आपण 'सुधारू' शकतो. गाणं घोड्यावर बसल्यासारखं पुढे धावतं. मग मध्येच चाल मोडते. दुसऱ्या अर्ध्यात आवाज खाली येतो, ठेका जवळजवळ विरघळतो, आणि बोलणारा बदलतो. आता ज्यांची जमीन गेली त्यांच्या बाजूने कुणीतरी गातंय.

गंमत म्हणजे हे गाणं झालं ते डच भूमीवर, जिथल्या व्यापारी कंपनीच्या जहाजांनी नेमकं हेच केलं होतं. गाण्यात डचांचं नाव नाही, रोख अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर आहे. पण वखारी, सनदा आणि 'व्यापारासाठी आलो' म्हणत राहून गेलेली माणसं हा प्रकार आपल्याकडच्या श्रोत्याला समजावून सांगावा लागत नाही.

रायलीचे शब्द इतरत्र कधी कधी फार अलंकारिक होतात. इथे कार्लची चाल त्यांना जमिनीवर ठेवते.

१०. उरलेल्या गाण्यांबद्दल थोडक्यात सांगा.

'स्टीमबोट': संगीत डेनिसचं, शब्द रायलीचे, आवाज कार्लचा. नदीतून चाललेल्या आगबोटीचा धपाधप ठेका, खूप संथ. पहिल्या दोन खेपांना कंटाळवाणं वाटेल, तिसऱ्या खेपेला बोटीत बसाल.

'लिव्हिंग धिस टाऊन': रिकी, कार्ल, ब्लाँडी आणि माईक यांचं. सुरुवात आणि शेवट देखणा, मधलं सिंथेसायझरचं वादन मात्र नको तितकं लांबतं. दोन मिनिटं कापायला हवी होती.

'ओन्ली विथ यू': डेनिस आणि माईकचं, पियानोवरचं प्रेमगीत. कार्ल गातो, आणि असा गातो की टीका करायला जागा उरत नाही. डेनिसने स्वतः गायलेलं रूपही आहे, ते २००८ साली त्याच्या 'पॅसिफिक ओशन ब्लू' या एकट्याच्या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत निघालं. डेनिसचा आवाज तिथे फाटका, थकलेला. दोन भावांनी म्हटलेलं एकच गाणं लागोपाठ ऐकून बघा.

'फंकी प्रिटी': मीन राशीच्या एका मुलीवरचं, राशीभविष्याने भरलेलं गाणं. शेवटाकडे आवाजांवर आवाज चढत जातात आणि ब्रायनचं जुनं गणिती डोकं क्षणभर जागं झालेलं ऐकू येतं.

११. सोबत एक छोटी तबकडी आहे, तिच्यात कुणीतरी गोष्ट सांगतंय. हे काय प्रकरण आहे?

'माउंट व्हर्नन अँड फेअरवे', म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या ज्या कोपऱ्यावर माईक लव्हचं लहानपणीचं घर होतं, त्या दोन रस्त्यांची नावं. लहानपणी ब्रायन तिथे राहायला जायचा आणि ही आते-मामेभावंडं रात्री रेडिओवर गाणी ऐकत पडायची. त्या आठवणीची ब्रायनने परीकथा केली: एक राजपुत्र, त्याचा जादूचा ट्रान्झिस्टर, आणि त्यातून संगीत घेऊन येणारा रात्रीचा बासरीवाला. गोष्ट सांगणारा आवाज जॅक रायलीचा. नेदरलँड्समधल्या घरी रँडी न्यूमन या गायक-गीतकाराचा 'सेल अवे' हा अल्बम पुन्हा पुन्हा लावून ब्रायन हे लिहीत होता.

त्याला ती अल्बमच्या मधोमध हवी होती. बाकीच्यांनी नकार दिला. ब्रायन खट्टू झाला, मग तोड म्हणून कार्लने ती पूर्ण केली आणि सात इंची वेगळी तबकडी करून अल्बमच्या पाकिटात घातली. जेमतेम बारा मिनिटांचा ऐवज.

चांगली आहे का? संगीत म्हणून सलग ऐकण्यासारखी नाही, हे प्रामाणिक उत्तर. पण बाकीचे मोठ्या इतिहासावर, किनाऱ्यांवर, व्यापाऱ्यांवर गात असताना घराची सगळ्यात जास्त आठवण येणारा माणूस एका रस्त्याच्या कोपऱ्यावर आणि उशाशी ठेवलेल्या रेडिओवर जाऊन पोचला, हे मला विसरता येत नाही.

१२. मुखपृष्ठ उलटं छापलंय का? की माझ्याच प्रतीत चूक आहे?

चूक नाही. ॲम्स्टरडॅममधल्या कालव्याचा फोटो मुद्दाम उलटा छापला आहे. काठावरचं खाली आणि पाण्यातलं वर. ठेवा तसंच.

१३. अल्बम चालला का?

बरा चालला. खपाच्या यादीत अमेरिकेत ३६ व्या आणि ब्रिटनमध्ये २० व्या क्रमांकापर्यंत पोचला. १९७० चा 'सनफ्लॉवर' अमेरिकेत १५१ वर अडकला होता हे लक्षात घेतलं तर वाईट नाही, पण केलेल्या खर्चाच्या मानाने काहीच नाही. ज्या गाण्यासाठी कंपनीने अल्बम अडवून धरला होता ते 'सेल ऑन, सेलर' १९७३ मध्ये ७९ व्या क्रमांकावर थांबलं. १९७५ मध्ये पुन्हा काढलं तेव्हा ४९ वर गेलं. नंतरच्या वर्षांत मात्र बँडच्या पहिल्या दहा गाण्यांत त्याचं नाव सहज घेतलं जाऊ लागलं.

१४. भारताशी काही संबंध?

या अल्बमचा थेट नाही. माईक लव्ह १९६८ मध्ये ऋषिकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहून आला होता आणि भावातीत ध्यान त्याने पुढे सोडलं नाही. त्याचा ठसा शोधायचा तर याच्या आधीच्या, १९७२ च्या 'कार्ल अँड द पॅशन्स'मधलं 'ऑल धिस इज दॅट' ऐका. 'हॉलंड'मध्ये तो ओढूनताणून शोधू नका.

१५. इतकं चांगलं चाललं होतं तर बँडने ही वाट सोडली का?

रायली नेदरलँड्समध्येच राहिला आणि १९७३ मध्ये त्याचं काम संपलं. ब्लाँडी त्याच वर्षाच्या अखेरीस गेला, रिकी त्यानंतरच्या वर्षी. आणि १९७४ मध्ये जुन्या कंपनीने, म्हणजे कॅपिटॉलने, साठच्या दशकातल्या सर्फिंग-मोटारींच्या गाण्यांचा 'एंडलेस समर' नावाचा संग्रह काढला. तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. नवीन काही केलं तर ३६ आणि जुनं नुसतं बांधून विकलं तर १, असा तो हिशोब. कार्यक्रमांमध्ये लोक जुनीच गाणी मागू लागले, बँड तीच देऊ लागला. यात खलनायक शोधायची गरज नाही. माणसांना पोटं असतात.

१६. घ्यायचा तर कोणता घ्यावा? जुनी तबकडी, सीडी की मोठा संच?

फक्त ऐकायचा असेल तर डिजिटल रूपात सहज मिळतो. २००० साली 'कार्ल अँड द पॅशन्स' आणि 'हॉलंड' एकाच सीडीवर निघाले होते, परीकथा शेवटी जोडून. ती सीडी कुठे दिसली तर सोडू नका.

पूर्ण खोलात जायचं असेल तर डिसेंबर २०२२ मध्ये निघालेला 'सेल ऑन सेलर – १९७२' हा संच. याच दोन अल्बमांभोवती बांधलेला, सहा सीडींचा, आणि त्यात नोव्हेंबर १९७२ ची कार्नेगी हॉलमधली मैफल आहे. ब्लाँडी आणि रिकी असताना हा बँड रंगमंचावर किती दणकट वाजवायचा ते त्याशिवाय कळत नाही.

जुनी तबकडी घेताना पाकीट आतून तपासा. सात इंची तबकडी बऱ्याचदा हरवलेली असते आणि विकणारा ते आपणहून सांगत नाही. माझ्या पहिल्या प्रतीत ती नव्हती. परीकथा म्हणजे काय हे मला कित्येक वर्षं नुसतं वाचून माहीत होतं.

१७. माझ्याकडच्या जुन्या युरोपीय प्रतीत 'सेल ऑन, सेलर' नाहीच, 'वी गॉट लव्ह' नावाचं गाणं आहे. प्रत नकली आहे का?

उलट जपून ठेवा. कंपनीने अल्बम परत करण्याआधीच्या यादीत (प्रश्न ७) हे गाणं होतं. 'सेल ऑन, सेलर' आलं आणि ते गेलं. पण बदल होण्याआधीच्या यादीप्रमाणे काही मोजक्या प्रती निघाल्या. गाण्याचं मैफलीतलं रूप १९७३ च्या 'इन कॉन्सर्ट'मध्ये आहे. गाणं उत्साही आहे, चांगलं आहे, पण अल्बमचं दार उघडायला 'सेल ऑन, सेलर'च हवं. इथे कंपनीचं बरोबर होतं, आणि हे मी सहसा लिहीत नाही.

१८. नाव 'हॉलंड', पण अल्बम खरंच हॉलंडमध्ये झाला का? माझा एक डच सहकारी म्हणतो, नाही.

सहकाऱ्याला चहा पाजा. हॉलंड हे आपण सर्रास देशाचं नाव म्हणून वापरतो, पण नेदरलँड्सच्या बारा प्रांतांपैकी उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड हे दोनच खरे हॉलंड. बामब्रुख येतं उट्रेख्ट प्रांतात. म्हणजे काटेकोर बोलायचं तर पहिलं गाणं लॉस एंजेलिसचं, बाकीची उट्रेख्टमधली आणि हॉलंडचा फक्त मुखपृष्ठावरचा कालवा, तोही उलटा.

१९. 'पेट साउंड्स' पाठ आहे. हा आवडेल का? कुठून सुरुवात करू?

तोच कान घेऊन गेलात तर निराश व्हाल. तिथे एका माणसाच्या डोक्यातलं संगीत आहे, इथे सात जणांचं, आणि ते नेहमी एकमेकांत मिसळत नाही. आधी 'द ट्रेडर', मग 'सेल ऑन, सेलर', मग 'ओन्ली विथ यू'. ही तीन पटली तर दुसऱ्या दिवशी पहिल्यापासून सलग लावा, फार तर ३७ मिनिटांचं काम. 'बीक्स ऑफ ईगल्स' वगळू नका. परीकथा एकदा ऐका, रात्री.

२०. 'सेल ऑन, सेलर' मूळ आवाजात नंतर कधी ऐकायला मिळालं का?

मिळालं. डेनिस १९८३ मध्ये गेला, कार्ल १९९८ मध्ये. पण २०१३ पासून ब्लाँडी चॅप्लिन ब्रायनच्या दौऱ्यांमध्ये सामील झाला आणि ब्रायनच्या मैफलींत हे गाणं पुन्हा तोच गाऊ लागला. ब्रायन ११ जून २०२५ रोजी गेला. त्या शेवटच्या दौऱ्यांची चित्रफीत मिळाली तर बघा: ब्रायन पियानोसमोर, बराचसा स्थिर, आणि त्याच्या बाजूने गिटार अडकवलेला ब्लाँडी रंगमंचभर फिरत गातोय.

२१. 'द ट्रेडर'च्या अगदी सुरुवातीला कुणीतरी 'हाय' म्हणतं. कोण आहे ते?

कार्लचा लहान मुलगा. तेव्हा तीन वर्षांचा होता.